चालवून बघितलं का?

खोली भाड्याने द्यायच्या आधी माझ्या घरमालकांनी मला चालून दाखवायला लावलं होतं. खोटं सांगत नाही. मुरबाडहून म्हशाला जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं घर. मी शहापूरकडची, शेणव्याची. जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पर्यवेक्षक म्हणून बदलून आलेली आणि आठवडाभर खोली शोधून वैतागलेली. तिकडे खोल्यांना तोटा नव्हता, पण माझं आडनाव ऐकलं की ती खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असायची. हे गृहस्थ ओट्यावर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं. म्हणाले, "त्या फाटकापत्तर जाऊन या बघू."

"कशाला?"

"जा तर खरं."

गेले. परत आले. डोकं असं सणकलं होतं की दोन शब्द सुनावून तशीच पुढे जाणार होते. मालक माझ्या पावलांकडे बघत होते. "डावी चप्पल झिजल्ये. पन पाऊल सरळ पडतंय. या राहायला."

"आणि आडनाव?" मीच तिरमिरीत विचारलं.

"ते ऱ्हाऊंद्या. बाजारात शिंगांना रंग समदेच लावतात. आमी रंग बघून जनावर घेत नाय." मग एकदम घाबरून म्हणाले, "जनावर तुमाला नाय हां बोललो!"

तेव्हापासून ते माझे मालक. ते मला 'डाक्टर' म्हणत. मी डॉक्टर नाही, डॉक्टरांच्या हाताखाली आहे, असं शंभरदा सांगून झालं. "बैल तुमाला बघून उठतो ना? मंग झालं," एवढंच उत्तर मिळायचं.

मालकांचा धंदा बैलांच्या दलालीचा. पौषातल्या थंडीत म्हशाची जत्रा भरते. एका बाजूला घोंगड्या, एका बाजूला मिठाई, आणि माळावर नजर पोचेल तिथवर गुरंच गुरं. तिथे मालकांना वेगळाच मान. विकणारा आणि घेणारा समोरासमोर बसणार, मधे हातांवर मालकांचं उपरणं पडणार, आणि त्या कापडाखाली बोटं दाबून भाव ठरणार. तोंडाने एक अक्षर नाही. अख्खी बोटं, अर्धी बोटं, पंजा, मूठ, सगळ्याला अर्थ. मूठ आवळली म्हणजे नाही, सौदा नको. भोवती पन्नास माणसं माना लांब करून उभी असली तरी कुणाला काही कळत नाही.

बाकीचे दलाल जनावराची खोड लपवायचे. मालक आधी खोड सांगायचे. "दिसायला राजा हाय, पन मारका हाय. डावीकडनं जाऊ नका." विकणारा कपाळावर हात मारून घ्यायचा. तरीही लोक त्यांच्याकडेच यायचे, कारण घरी गेल्यावर बैल तसाच निघायचा, जसा त्यांनी सांगितलेला असायचा. त्यांच्या तोंडी कायम एकच प्रश्न. चालवून बघितलं का?

हा प्रश्न बैलांपुरता राहिला असता तर बरं झालं असतं. घरात पंखा आणला तर दुकानदाराकडून बोली करून आणला, आठ दिवस फिरवून बघणार, मग ठेवणार. मिक्सरच्या वेळी दुकानातच चटणी वाटायला बसले, खोबरं घरून नेलं होतं. काकी, म्हणजे त्यांची बायको, मला एकदा भाकऱ्या थापता थापता म्हणाली, "मला बघाय आले तवा पन यांनी हेच केलं. म्हनाले, पोरीला विहिरीवरनं पानी आनू द्या."

"मग? आणलंत?"

"आनलं की! डोईवर दोन हंडे. थेंब नाय सांडला. मंग मी म्हनलं, आता तुमी पन आना एक हंडा." काकी हसायला लागली. "निम्मा अंगावर घेतला. धोतराचा पार लगदा. मी तरी हो म्हनलं. माझंच नशीब!"

मालक बाहेरून ओरडले, "वाट निसरडी होती ती!" चाळीस वर्षांनंतरही त्यांना तो विषय नको असायचा.

त्यांना एक नात. मुलगा-सून नोकरीसाठी बदलापूरला, पोरगी लहानपणापासून आजोबांकडे. जत्रेत आजोबांच्या मांडीवर बसून तिने पाढ्यांच्या आधी कापडाखालची बोटं शिकली. ती हवाई दलात भरती झाली तेव्हा अख्ख्या गावात पेढे वाटले, आणि मालक विचारत होते, "विमान चालवून बघितलं का गो?" ती म्हणाली, "आबा, मी विमानात नाही. मी खाली जमिनीवर. वरून शत्रूचं काही आलं तर खालून क्षेपणास्त्र सोडून ते वरच्यावर पाडायचं. माझं काम पडद्यावर बघायचं, काय येतंय ते."

मालकांनी ते आपल्या भाषेत लावलं. "म्हंजे राखण."

"हो. राखणच."

"कुठं?"

"ते सांगायचं नसतं."

हे त्यांना अजिबात पटलं नाही. राखणीवर माणूस बसतो तो कुठल्या शेताला बसला हे घरच्यांना माहीत नको? भाकरी कुठं न्यायची? पण नात नुसती हसायची.

आणि मग पेपरात यायला लागलं की देश बाहेरून नवी हवाई संरक्षण यंत्रणा घेणार. मोठ्या मोठ्या गाड्या, त्यांवर नळकांडी, सोबत रडार, लांबून येणारं विमानसुद्धा टिपणारी क्षेपणास्त्रं. आमच्या घरासमोर एक चहावाला होता, चहा कमी विकायचा आणि पेपर जास्त वाचायचा. त्याची शेती मालकांच्या बांधाला बांध लागून. तो मोठ्याने बातमी वाचायचा आणि मालक उलटतपासणी घ्यायचे. मी दवाखान्यात जायच्या आधी तिथे चहाला थांबायची ती केवळ ह्यासाठी.

"जगात एक नंबर यंत्रणा, असं लिहिलंय," चहावाला म्हणायचा.

"कोन बोलतो? विकनारा?"

"हां, त्यांचाच माणूस."

"मंग तो काय बोलंल, माझा बैल बसका हाय म्हनून? दात किती?"

"यंत्राला दात नसतात ओ!"

"म्हंजे वय किती? नवं हाय का कुनाकडं राबून आलंय? कुनाच्या शेतावर चालवून बघितलं?"

पुढे बातमी आली की सगळी यंत्रणा एकदम मिळणार नाही, उरलेली यायला उशीर होणार, कारण विकणारा देश स्वतःच लढाईत गुंतलाय. टीव्हीवर कोट घातलेली माणसं तासभर त्यावर भांडली. मालकांनी कपात फुंकर मारली. "ज्याच्या सोताच्या शेतावर नांगर चाललाय तो जोडीतला बैल सोडून देईल का? येडे हाव का तुमी? आधी त्याची नांगरणी."



पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो दाव्यात. त्यांच्या बाजारातली रीत अशी, की बैल विकला तरी विकणारा आपलं दावं देत नाही, सोडून घरी नेतो. घेणाऱ्याने स्वतःचं दावं आणायचं आणि बैलाच्या गळ्यात बांधायचं. चहावाल्याने वाचलं की यंत्रणा बिघडली तर सुटे भाग त्यांच्याकडूनच मागवायचे, दुरुस्तीला माणसंही त्यांचीच, आतला संगणकही त्यांनीच बनवलेला. मालक ताडकन उठले. "मंग दावं कुनाचं? बैल आपल्या गोठ्यात नि दावं त्यांच्या हातात? त्यांनी थिकडनं वढलं म्हंजे?"

"सरकारनं विचार केला असंल की ओ."

"सरकारची नात हाय का थितं?"

चहावाल्याने पेपराची घडी घातली. तेव्हा मला कळलं, की हा म्हातारा देशासाठी बैल बघत नव्हता. आपली पोर ज्याच्या शेजारी उभी राहणार त्याची खोड त्याला हवी होती. मारका असला तरी चालेल, तो शत्रूलाच मारणार. बुजरा असला तर उत्तमच, रडार म्हणे जरा खुट्ट झालं की कान टवकारतं. त्यांना धास्ती होती फक्त बसक्याची.

बसका म्हणजे ऐन वेळी जू मानेवर पडलं की खाली बसणारा बैल. हाकला, ओरडा, शेपूट पिरगाळा, उठत नाही. ह्याच्यामागे मालकांची स्वतःची जखम होती, काकीने मला सांगितली. आयुष्यात एकदाच त्यांनी न चालवता बैल घेतला, तोही स्वतःच्या घरासाठी. पांढराशुभ्र, आरशात बघून काढल्यासारखी शिंगं. बघताक्षणी हुरळले. जत्रेतून वाजतगाजत आणला, काकीने पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं. आणि पाऊस लागल्यावर चिखलणीच्या दिवशी, सगळं गाव शेतात असताना, हा पठ्ठ्या चिखलात जो बसला तो जेवणवेळेपर्यंत रवंथ करत बसून राहिला. तालुक्यातल्या सगळ्यात हुशार दलालाचा बैल! लोक बांधावर येऊन बघून जायचे. मालकांनी तो विकलाही नाही, कारण विकताना खोड सांगावी लागली असती आणि खोड सांगितल्यावर घेतो कोण? मरेपर्यंत पोसला. "लई जीव होता त्याच्यावर," काकी म्हणाली. "दिसायचाच तसा मेला."

एका थंडीत नात सुट्टीवर आली. मालकांनी तिला ओट्यावर बसवून विचारलं, "नवा बैल आला ना तुमच्याकडं?"

ती कौलांकडे बघायला लागली.

"आला," मालक माझ्याकडे वळून म्हणाले. "खोड काय त्याची?"

"आबा, मी काही बोलले नाही हां! डॉक्टरताई, तुम्ही साक्षीला आहात."

"बसतो का तेवढं सांग."

"आबा, नोकरी जाईल माझी!"

दुसऱ्या दिवसापासून मालक घायपाताच्या वाखाचं दावं वळायला बसले. चांगलं लांब, पीळदार, टोकाला गोंडा. निघताना तिच्या पिशवीत कोंबलं. "तुज्या सायबाला कळू देऊ नको. त्या गाडीला कुठंतरी बांध. परक्याचं दावं नको आपल्या जनावराला." पोरगी हसून हसून बेजार झाली. पण पिशवीतून दावं काढलं नाही, हे मी बघितलं.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात सीमेवर पेटलं. टीव्हीवर सारखे भोंगे, लाल अक्षरं, आकाशात ठिणग्या. ड्रोन आले, क्षेपणास्त्रं आली, आपल्या यंत्रणेने पाडली, असं ओरडून ओरडून सांगत होते. नातीचा फोन बंद. मालक पहिल्यांदाच दवाखान्यात आले, सोबत जनावर नसताना.

"डाक्टर, फोन बंद लागला म्हंजे काय समजायचं?"

"ड्युटीवर असेल. फोन जमा करून घेतात अशा वेळी."

"असं." बाकावर बसले. हातावर तंबाखू घेतली होती, ती मळलीच नाही. मला त्यांच्याकडे बघवेना. मी उगाच कपाटातल्या बाटल्या इकडच्या तिकडे करत राहिले.

ते दिवस नेमके राब भाजायचे. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, काटक्या पसरतात, वर माती घालतात आणि पावसाच्या आधी पेटवतात. जमीन भाजली की तण मरतं, रोप जोमाने येतं. त्या वर्षी ढग लवकर जमायला लागले होते आणि सगळ्यांना घाई झालेली. राब भिजला तर तणाने रोप खाल्लंच म्हणून समजा. चहावाल्याचा राब रचून तयार होता. तो काडेपेटी घेऊन गेला तर मालक काठी आडवी धरून बांधावर उभे.

"काडी लावायची नाय."

गलका ऐकून मीही गेले. वाडीतले आणखी काही जमले होते.

"का म्हनून?" चहावाल्याने विचारलं.

"धूर दिसंल वरनं."

"कुनाला? आपल्याकडं कोन येतंय बाँब टाकाय? दुपारची एसटी येत नाय धड!"

लोक हसले. मालक हसले नाहीत. "शत्रूला नाय रे. माझ्या पोरीला दिसंल."

कुणालाच कळेना.

"ती थिकडं आभाळाकडं बघत बसल्ये," मालक म्हणाले. "काय बी हललं तर तिला बघाय लागतं. तेवढ्यात तुमचा धूर गेला वर. ती म्हनंल, आता ह्ये काय आलं? तिचा डोळा इकडं, नि तेवढ्यात थिकडनं खरं काय आलं तर? उगा कशाला तिचं काम वाढवायचं?"

 मी तोंड उघडलं होतं. ती कितीतरी लांब असेल, रडार असं कुणाच्या शेतातला धूर बघत नाही, सगळं वाक्य जिभेवर होतं. चहावाल्यालाही ते माहीत होतं, रोज पेपर वाचणारा माणूस. त्याने वर ढगांकडे बघितलं, राबाकडे बघितलं, आणि काडेपेटी खिशात टाकली.

"बरं. थांबू दोन-चार दिस," तो म्हणाला. मग बाकीच्यांकडे वळून जरा दमातच बोलला, "ऐकलं ना? कुनी काडी लावायची नाय."

आणि वाडीत खरंच कुणी राब पेटवला नाही. एका म्हातारीने तर अंघोळीचं पाणी चुलीवर तापवायचं बंद केलं. ढग रोज दाटून यायचे, लोक वर बघून चुळबूळ करायचे, पण मालकांच्या तोंडावर कुणी चकार शब्द काढला नाही. मला त्या वाडीचं फार कौतुक वाटलं. खोलीसाठी ज्यांच्या दारांवरून मी हात हलवत परत आले होते, त्यातलीही दोन घरं त्यात होती, हे पण सांगायला हवं.

लढाई थांबल्याची बातमी आली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मालक गोठ्यात असताना त्यांचा फोन वाजला. मालकांना फोनवर कमी ऐकू येतं म्हणून त्यांचा फोन कायम मोठ्या आवाजात, त्यामुळे गोठ्यातलं सगळं आम्हाला अंगणात ऐकू आलं.

"आबा."

"हां."

"जेवलात?"

"जेवलो." धादांत खोटं. काकीने ताट दोनदा झाकून ठेवलं होतं. "तू?"

"जेवले."

"दावं हाय?"

"आहे आबा. माझ्या ट्रंकेला बांधलंय."

"बरं. ठेव मंग. बॅटरी जाईल."

काकी पदरात तोंड घालून रडत होती आणि रडता रडता शिव्या घालत होती. "एवढंच बोल्लात? पोरगी जिवंत हाय नि बॅटरी जाईल म्हनं! मानूस हाव का कोन?" मालक बाहेर आले, चहावाल्याच्या खिशातली काडेपेटी मागून घेतली आणि त्याचा राब स्वतःच्या हाताने पेटवला. मग शेजारचा. संध्याकाळपर्यंत सगळी खाचरं धुराने भरून गेली. दोन दिवसांनी पाऊस आला. राब भाजून झालेले होते.

पुढच्या पौषात नात जत्रेच्या वेळी सुट्टी घेऊन आली. तोवर पेपरात पुन्हा सुरू झालं होतं की यंत्रणेने कमाल केली, देश आणखी घेणार. चहावाला मालकांना चिडवायचा, "आता तरी चालवून बघितलं ना? घेऊ द्या की अजून!" मालक म्हणायचे, "टीव्हीवाल्यांनी बघितलं. मी कुठं बघितलं?"

म्हशाच्या माळावर आम्ही सगळे गेलो. हवेत बोचरा गारवा, जिकडेतिकडे घंटा आणि शेणाचा वास. मालकांनी दोन सौदे उरकले. मग एका झाडाखाली नातीला समोर बसवलं आणि खांद्यावरचं उपरणं काढून तिच्या एका हातावर टाकलं. स्वतःचा हात आत घातला.

पोरगी आधी हसली. मग हसू मावळलं. कापड हललं, थांबलं, पुन्हा हललं. तिचा दुसरा हातही आत गेला. मालकांची नजर तिच्या चेहऱ्यावर होती, बाजारात असते तशीच, पापणी न हलवता. परत एकदा कापड हललं. मग तिने डोळे पुसले, उठली आणि म्हणाली, "आजीला मिठाई घेऊन येते," आणि गर्दीत शिरली.

मला राहवेना. "काय म्हणाली? बसतो का तो?"

"कापडाखालचं भाईर सांगायचं नसतं."

"मालक, खोड लपवायची नाही, हे तुमचंच ना?"

त्यांनी उपरणं घडी करायला घेतलं. 

"यंत्राचं नाय विचारलं मी," ते म्हणाले. "ते सरकारचं. तिची नोकरी जाईल. मी विचारलं, घाबरलीस किती? पयला एक पंजा दिला तिनं. मंग दुसरा बी. धाई बोटं."  "मंग विचारलं, जागा सोडलीस का गो?"

"मग?"

मालकांनी माझ्यासमोर हात धरला आणि मूठ गच्च आवळली.

समोरून नात परत येत होती, हातात मिठाईचा पुडा, बैलांच्या रांगांमधून वाट काढत. मालक तिच्या पावलांकडे बघत होते, जसे त्या दिवशी माझ्या पावलांकडे बघत होते.

"चाल तीच हाय," ते म्हणाले, आणि त्याच उपरण्याला नाक पुसून पुढच्या बैलाकडे निघाले.